बोल्ट-अ‍ॅक्शन व्हार्मिंट रायफलसाठी कमी पैशात चांगला स्कोप कसा निवडायचा

बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर बाराला हाताने दांडा मागेपुढे करून काडतूस भरायची, व्हार्मिंट रायफल घेतली की पुढचा प्रश्न स्कोपचा, म्हणजे वर बसवायच्या नेमाच्या दुर्बिणीचा, आणि बहुतेक जण इथेच फसतात, कारण खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला असतो तो झूमचा आकडा आणि माणूस त्यालाच भुलतो. ६-२४×५०, लाल हिरव्या दिव्याचं रेटिकल (आत दिसणारी नेमाची फुली, म्हणजे क्रॉसहेअर), मोठाले टरेट (नेम सरकवायच्या चाक्या), वर रिंगा (स्कोप रायफलवर धरणारी कडी) फुकट, आणि किंमत बघाल तर नामांकित कंपनीच्या साध्या ३-९ पेक्षाही कमी. असला स्कोप घेऊ नका. कमी पैशात चांगला स्कोप मिळतो, नक्की मिळतो, फक्त पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा ते आधी ठरवावं लागतं, त्यासाठीच हे एवढं लांबलचक लिहितोय.

आधी ही रायफल नेमकं काय काम करते ते बघू. पिकाची नासधूस करणारे, कुरणात बिळं पाडणारे छोटे प्राणी हे तिचं लक्ष्य, म्हणजे ग्राउंड स्क्विरल, प्रेअरी डॉग, ग्राउंडहॉग, ससे, मोठ्यात मोठं म्हणजे कोल्हा नाहीतर कोयोटी. अंतर साधारण १०० ते ३०० मीटर, कधी त्याच्याही पुढे. बॅरल जाड, गोळी हलकी आणि प्रचंड वेगवान, .२२३ रेमिंग्टन ह्या काडतुसाची ५५ ग्रेनची फॅक्टरी गोळी ३२४० फूट प्रति सेकंदाच्या आसपास निघते आणि .२२-२५० ची त्याच वजनाची गोळी ३६८० च्या आसपास. धक्का कमीच. काम दिवसाउजेडी, बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) किंवा बॅगेवर रायफल टेकवून, एकाच जागी बसून बरेच बार. कुठला प्राणी मारायला परवानगी आहे, कुठल्या महिन्यात आहे आणि लायसन्समध्ये काय बसतं हे तुमच्या भागातल्या कायद्याप्रमाणे आधी बघून घ्या, ते झाल्याशिवाय स्कोपचा विचारही करू नका.

तर लक्ष्य छोटं, लांब आणि बराच वेळ डोळा लावून बसायचं, मग स्कोप कसा पाहिजे? माझ्या मते पहिला नंबर झिरो, म्हणजे ठरलेल्या अंतराला नेम आणि गोळी एकाच जागी पडायची जुळवणी, न हलण्याचा आणि क्लिक, म्हणजे टरेटची एकेक पायरी, खरे असण्याचा. दुसरा पॅरॅलॅक्स (तो काय ते पुढे सांगतो) अ‍ॅडजस्ट करता येण्याचा. तिसरा काचेचा. मग रेटिकल, आणि झूम सगळ्यात शेवटी. बाजारात जाहिरात बरोबर उलट्या क्रमाने चालते म्हणून हा क्रम डोक्यात पक्का करूनच निघा.

झूमचंच आधी उरकून टाकतो. ४-१६×४४ असं लिहिलं असेल तर ४ पट ते १६ पट मोठं दिसणार आणि पुढची भिंग ४४ मिलिमीटरची. आता ४४ ला १६ ने भागा, २.७५ आले. स्कोपच्या मागच्या बाजूने डोळ्यात येणारा उजेडाचा गोल एवढ्या मिलिमीटरचा असतो, त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. भर उजेडात आपली बाहुली २ ते ४ मिलिमीटर उघडलेली असते, तेव्हा २.७५ मध्ये काम मस्त चालतं. ६-२४×५० ला पूर्ण २४ वर नेलं की हाच आकडा २.१ होतो, आणि ४० च्या भिंगेवर २४ पट लावलं असेल तर १.७ च्या खाली. मग होतं काय, चित्र काळपटतं, डोकं केसभर हललं की सगळं काळं, आणि प्राणी बिळातून डोकं काढून परत आत गेला तरी तुमचा डोळा अजून गोल शोधतोय. शिवाय २४ पटीवर १०० मीटरला जेमतेम दीड मीटर रुंद जागा दिसते, १६ पटीवर सव्वादोन मीटर आणि ४ पटीवर जवळपास ९ मीटर. कुरणात छोटा प्राणी शोधायचा तर हे रुंदपण फार कामाला येतं, बार झाल्यावर गोळी कुठे लागली, धूळ कुठे उडाली ते पण त्याच्यामुळेच दिसतं.

अजून एक गोष्ट म्हणजे ऊन. जमीन तापली की हवा लहरायला लागते, मिराज म्हणतात ते, आणि झूम जितकं जास्त तितकी ती लहर पण मोठी होऊन दिसते. दुपारच्या वेळी २० च्या वर नेलेला स्कोप बहुतेकदा परत १०-१२ वर आणावा लागतो, हे कुणीही अनुभवी माणूस सांगेल. व्हार्मिंट रायफलला त्यात भर पडते ती बॅरलच्या गरमीची, लागोपाठ बार झाले की बॅरलवरून निघणारी गरम हवा थेट पुढच्या भिंगेसमोरून जाते आणि लक्ष्य पाण्यात बुडाल्यासारखं थरथरतं. म्हणून मी स्वस्तातल्या स्कोपमध्ये ४-१६ किंवा ४.५-१४ च्या पुढे जाऊ नका असंच सांगतो, फार तर ६-१८. आणि .१७ एचएमआर नाहीतर .२२ मॅग्नम अशा छोट्या रिमफायर काडतुसाची रायफल असेल, जिचं काम १५० मीटरच्या आतच संपतं, तर ४-१२×४० सुद्धा भरपूर झालं. कमी पैशात जास्त झूम देताना कंपनी काचेतच काटकसर करते, दुसरीकडून पैसे आणणार कुठून, त्यामुळे १६ वर स्वच्छ दिसणारा स्कोप हा २४ वर धुरकट दिसणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

आता पॅरॅलॅक्स, ह्याच्यावर थोडा वेळ काढून वाचा कारण छोट्या लक्ष्याला सगळ्यात जास्त दगा हाच देतो. स्कोपच्या आत लक्ष्याची प्रतिमा आणि रेटिकल एकाच पातळीवर पडले तर डोकं हललं तरी क्रॉसहेअर जागचं हलत नाही. पातळी वेगळी असेल तर डोकं इकडेतिकडे झालं की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकतं, रायफल जागच्या जागी असून. साध्या स्कोपमध्ये हे फॅक्टरीतच एका अंतराला जुळवून दिलेलं असतं, सेंटरफायरसाठी (.२२३ सारख्या काडतुसांसाठी) बहुधा १०० यार्ड आणि रिमफायरसाठी बरेचदा ५० यार्ड. त्या अंतराच्या बाहेर गेलात की चूक वाढत जाते. हिशोब सोपा आहे, भिंगेचा अर्धा व्यास घ्या आणि जुळवलेल्या अंतरापासून तुम्ही किती पट लांब गेलात त्याने गुणा. ४० मिलिमीटरची भिंग, १०० मीटरला जुळवलेली, लक्ष्य २०० मीटरवर, तर जास्तीत जास्त चूक २० मिलिमीटर. लक्ष्य ३०० वर गेलं की ४० मिलिमीटर. डोळा अगदी कडेला असेल तेव्हाची ही चूक आहे, मधोमध असेल तर काहीच नाही, पण पालथं पडून मान वाकडी करून नेम धरताना डोळा दरवेळी मधोमधच असेल ह्याचा भरवसा कुणी देत नाही. हरणावर ४ सेंटिमीटरने काही बिघडत नाही. पण ग्राउंड स्क्विरल सगळा मिळून रुंदीला तेवढाच असतो, तिथे ४ सेंटिमीटर म्हणजे सरळ चुकलेला बार, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे जखमी होऊन बिळात गेलेला प्राणी.

म्हणून व्हार्मिंट रायफलच्या स्कोपला पॅरॅलॅक्सची चाकी पाहिजेच, ह्यात तडजोड नको. ती दोन जागी असते. पुढच्या भिंगेभोवती फिरणारी रिंग असेल तर एओ म्हणतात, डाव्या बाजूला टरेटसारखी चाकी असेल तर साइड फोकस. साइड फोकस सोयीचा, पालथं पडल्या पडल्या हात पोचतो. एओला हात लांब करावा लागतो, डोकं उचलावं लागतं, पण ती रचना साधी आहे आणि त्याच किमतीत एओवाल्या स्कोपची काच बरेचदा जरा बरी मिळते, पैसे फारच कमी असतील तर एओ घ्यायला काहीच हरकत नाही. चाकीवर छापलेल्या अंतरावर मात्र विसंबू नका, स्वस्त स्कोपमध्ये तर अजिबात नाही. लक्ष्य स्पष्ट दिसेपर्यंत चाकी फिरवा, मग रायफल न हलवता डोकं वरखाली करून बघा, क्रॉसहेअर हललं तर चाकी अजून किंचित फिरवा, हलायचं थांबलं की तीच तुमची खरी खूण, वाटलं तर चाकीवर टेप लावून स्वतःची अंतरं लिहून ठेवा.

क्लिक आणि झिरो ही गोष्ट बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तिची जाहिरातही फारशी होत नाही, पण स्वस्त आणि टाकाऊ ह्यातला खरा फरक तिथेच आहे. एमओए आणि मिल ही कोनाची दोन मापं. बहुतेक स्कोप पाव एमओएचे, म्हणजे एक क्लिक फिरवला की १०० मीटरला गोळी ७.३ मिलिमीटर सरकते आणि ३०० ला २२ मिलिमीटर. मिलवाले स्कोप ०.१ मिलचे, तिथे १०० मीटरला १ सेंटिमीटर आणि ३०० ला ३. दोन्ही चालतात, मीटर आणि सेंटिमीटरमध्ये विचार करणाऱ्याला मिल सोपं पडतं, छोट्या लक्ष्यासाठी पाव एमओए थोडं जास्त बारीक म्हणून बरं पडतं. एकच अट, टरेट आणि रेटिकल दोन्ही एकाच मापाचे असू द्या. टरेट एमओएचं आणि आत मिल-डॉट (मिलच्या मापाचं ठिपक्यांचं रेटिकल) अशी जोडी जुन्या आणि स्वस्त स्कोपमध्ये अजून दिसते, तिच्यात प्रत्येक वेळी मनातल्या मनात गुणाकार करत बसावं लागतं, घेऊ नका.

आता किती क्लिक लागणार ते बघा म्हणजे जास्तीचे पैसे कुठे वाचतात ते कळेल. गोळीचे तक्ते यार्डात असतात म्हणून यार्डात सांगतो. .२२३ ची ५५ ग्रेन २०० यार्डला झिरो केली तर ३०० ला साधारण १७ सेंटिमीटर खाली जाते आणि ४०० ला अर्धा मीटर. म्हणजे ३०० साठी २ एमओएच्या आसपास, ८ क्लिक. ४०० साठी ५ एमओएच्या आत. .२२-२५० ला तर त्याहूनही कमी. साध्या १ इंची नळीच्या स्कोपमध्ये सुद्धा एकूण ५०-६० एमओएची हालचाल असते, त्यातली निम्मी वरच्या बाजूला मिळते. म्हणजे हजार यार्डवाल्यांना लागतात ते ३४ मिलिमीटरची नळी, २० एमओएचा तिरका बेस (रिंगा बसतात ती पट्टी), भरमसाट फिरणारे टरेट, ह्यातलं काहीही ह्या कामाला लागत नाही. ३० मिलिमीटरच्या नळीने उजेड जास्त येतो हा एक गैरसमज आहे, उजेड भिंगेने आणि काचेवरच्या कोटिंगने येतो, जाड नळीने हालचालीला जागा मिळते आणि थोडी मजबुती येते एवढंच. १ इंची मिळाला तर बिनधास्त घ्या.

टरेटवर झाकण असलेलं बरं का उघडं? तुम्ही २०० ला झिरो करून बाकी अंदाजाने किंवा रेटिकलच्या खुणेने वर धरत असाल तर झाकणवालं घ्या, बॅगेत, गाडीत घासून फिरणार नाही. प्रत्येक अंतराला क्लिक फिरवत असाल तर उघडं, पण मग ते फिरायला कडक आहे का, क्लिक हाताला स्पष्ट लागतो का, आणि शून्यावर परत आणायची सोय आहे का ते बघून घ्या.

काचेबद्दल बोलायचं तर कोटिंगच्या चार पायऱ्या सांगितल्या जातात: कोटेड, फुली कोटेड, मल्टी-कोटेड आणि फुली मल्टी-कोटेड. तुम्हाला पाहिजे ते शेवटचं, हवा आणि काच भेटते अशा प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर. कोटिंग नसलेल्या काचेच्या एका पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो, ऐकायला थोडं वाटतं, पण स्कोपमध्ये असे १६ पृष्ठभाग धरले तर शेवटी जवळपास निम्माच उजेड डोळ्यापर्यंत पोचतो आणि उरलेल्यातला काही आतल्या आत इकडेतिकडे उसळून चित्र फिकं करतो. झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये हे कोटिंग शोधलं आणि तेव्हापासून दुर्बिणीची दुनियाच बदलली. आता हे स्वस्त स्कोपमध्येही मिळतं, म्हणून ते नसलेला स्कोप घ्यायचं काही कारणच उरत नाही. काच बघायची कशी? दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सगळेच स्कोप चांगले दिसतात. दुकानदाराला विचारून स्कोप दाराबाहेर न्या, लांबची एखादी पाटी, विजेची तार, झाडाची फांदी बघा, आकाशासमोर फांदीच्या कडेला जांभळी किंवा हिरवी झालर किती येते, चित्राच्या कडा किती विरघळतात, आणि पूर्ण झूमवर काय होतं. हेच सावलीतल्या काळपट वस्तूवर करा, कारण प्राणी मातीच्याच रंगाचा असतो आणि तपकिरीवर तपकिरी वेगळं दिसणं हीच काचेची परीक्षा.

दोन स्कोप शेजारी धरून बघणार असाल तर त्याआधी दोन्हींचं मागचं आयपीस जुळवा, नाहीतर तुलना खोटी. स्कोप मोकळ्या आकाशाकडे किंवा कोऱ्या भिंतीकडे धरा, सूर्याकडे चुकूनही नको, डोळे मिटा, उघडल्या उघडल्या सेकंदभरात रेटिकल टोकदार दिसलं पाहिजे, नसेल तर आयपीस थोडं फिरवा आणि परत. जास्त वेळ बघत बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि तुम्हाला वाटतं सगळं बरोबर आहे. हे एकदा नीट झालं की मग पॅरॅलॅक्सची चाकी, हा क्रम उलटा करायचा नाही.

रेटिकल बारीक पाहिजे. मधली रेघ अर्धा एमओए जाड असेल तर ३०० मीटरला ती सव्वाचार सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा झाकते, म्हणजे आख्खं लक्ष्य रेघेमागे गेलं. ०.१५ एमओएची असेल तर जेमतेम १३ मिलिमीटर. कंपनी रेटिकलचं मोजमाप छापते, ते काढून वाचा. मधे छोटा ठिपका आणि खाली ४-५ खुणा असं साधं रेटिकल ह्या कामाला सगळ्यात छान, तो ख्रिसमस ट्रीसारखा आकड्यांचा पसारा गवतात आणि ढेकळांत हरवलेला प्राणी अजूनच हरवून टाकतो.

पहिल्या फोकल प्लेनचं की दुसऱ्या, ह्यावर लोक तासन् तास भांडतात. पहिल्या प्लेनमध्ये झूमबरोबर रेटिकल पण मोठं होतं, त्यामुळे खुणा प्रत्येक झूमवर खऱ्या राहतात. दुसऱ्यामध्ये रेटिकल तेवढंच दिसतं, पण खुणा एकाच झूमवर खऱ्या, बहुधा सगळ्यात वरच्या, आणि झूम निम्म्यावर आणलं की प्रत्येक खूण दुप्पट मोजते. व्होर्टेक्स डायमंडबॅक टॅक्टिकल, अ‍ॅथलॉन आर्गोस बीटीआर असे पहिल्या प्लेनचे स्कोप आता परवडणाऱ्या किमतीत येतात आणि वाईट नाहीत, पण त्या किमतीत कमी झूमवर रेघ कोळ्याच्या जाळ्याइतकी बारीक होऊन दिसेनाशी होते. मी व्हार्मिंटसाठी दुसऱ्या प्लेनच्याच बाजूचा, रेघ कायम सारखी दिसते, पूर्ण झूमवर लक्ष्य मोठं होतं आणि रेघ तशीच बारीक राहते. बीडीसी, म्हणजे लांबच्या अंतरांना गोळी किती खाली जाते त्याच्या खुणा असलेलं, रेटिकल घेतलंत तर एक लक्षात ठेवा, त्याच्या खुणा कुठल्यातरी एका गोळीच्या वेगासाठी आखलेल्या असतात, तुमच्या गोळीला त्या कुठे पडतात ते मैदानावर तपासल्याशिवाय वापरू नका. दिव्याचं रेटिकल दिवसाच्या कामाला लागत नाही, ते पैसे वाचवा.

कंपन्यांचं म्हणाल तर व्होर्टेक्स, बुशनेल, बरिस, हॉक, अ‍ॅथलॉन, ल्युपोल्डची व्हीएक्स-फ्रीडम मालिका, ह्यांच्या खालच्या आणि मधल्या रांगेत तुमचं काम होऊन जातं. एसडब्ल्यूएफएचा १०×४२ फिक्स स्कोप पण विचारात घ्या, झूमच नाही त्यामुळे आतले हलणारे भाग कमी, क्लिक खरे म्हणून त्याचं नाव आहे आणि १० पटीवर ३०० मीटरपर्यंत छोटा प्राणी नीट टिपता येतो. वॉरंटी वाचताना शब्द बारकाईने बघा. व्होर्टेक्सची वॉरंटी आयुष्यभराची आहे, पावती मागत नाहीत आणि स्कोप दुसऱ्याकडून घेतलेला असला तरी लागू होते, त्यामुळे त्यांचा सेकंडहँड स्कोप घेण्यात धोका कमी. निकॉनने २०२० च्या आसपास रायफलस्कोपचा धंदा बंद केला, त्यांचे जुने प्रोस्टाफ आणि मोनार्क अजून हातोहात फिरतात, काच चांगली असते, पण पुढे काही झालं तर दुरुस्तीचा प्रश्न आहे हे धरून किंमत ठरवा. सेकंडहँडमध्ये नळीवर रिंगांचे खोल वळ आहेत का, टरेट शेवटापर्यंत सुरळीत फिरतं का, उजेडासमोर धरल्यावर आत बुरशीची जाळी किंवा वाफ दिसते का, हलवल्यावर काही खुळखुळतं का, हे चार मिनिटांत बघून होतं. नावाजलेल्या कंपन्यांचे हुबेहूब नकली स्कोप पण बाजारात भरपूर आहेत, किंमत अशक्य कमी वाटली तर सिरियल नंबर कंपनीकडून तपासून घ्या.

बजेट ठरवताना रिंगा आणि बेसचे पैसे आधीच बाजूला काढा. झिरो हलतोय म्हणून स्कोपला शिव्या घालणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा दोष खरं तर रिंगांचा असतो. फुकट आलेल्या मऊ अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगा टाकून द्या. बेस कुठला आहे ते बघा, पिकाटिनी आणि वीव्हर हे दोन नेहमीचे प्रकार, पिकाटिनीची खाच ५.२३ मिलिमीटर रुंद आणि वीव्हरची ४.५७, म्हणून वीव्हरच्या रिंगा बहुधा पिकाटिनीवर बसतात पण पिकाटिनीच्या वीव्हरवर बसतीलच असं नाही. बऱ्याच रिमफायर रायफलींना ११ मिलिमीटरचा डव्हटेल (रायफलीतच कापलेली खाच) असतो, त्याच्या रिंगा वेगळ्या.

रिंगांची उंची हा बोल्ट-अ‍ॅक्शन आणि जाड बॅरलचा खास मामला आहे. दोन जागी अडतं. पुढे ५० ची भिंग जाड व्हार्मिंट बॅरलला टेकते, बारीक बॅरलवर चालून गेलेल्या रिंगा इथे चालतीलच असं नाही, आणि मागे बोल्टचा दांडा वर उचलला की आयपीसच्या फुगीर भागाला किंवा झूमच्या रिंगेला आपटतो. रेमिंग्टन ७०० सारख्या ९० अंश उचलाव्या लागणाऱ्या बोल्टला हे जास्त होतं, टिक्काचा बोल्ट ७० अंशच उचलतो तिथे कमी. फार उंच रिंगा लावल्या तर गाल दस्त्यावर नीट टेकत नाही, मान अधांतरी राहते आणि मग तोच पॅरॅलॅक्स. म्हणून भिंग आणि बॅरलमध्ये २-३ मिलिमीटर फट राहील आणि बोल्ट मोकळा फिरेल एवढ्याच उंचीच्या घ्या. ४४ ची भिंग ५० पेक्षा बरी असं मी म्हणतो त्याचं हे पण एक कारण, वजन पण वाचतं, ६-२४×५० चा स्कोप ७०० ग्रॅमपर्यंत जातो.

बसवताना रायफल रिकामी आहे हे चेंबरमध्ये बोट घालून खात्री करा, बोल्ट काढून बाजूला ठेवा. स्क्रू आणि भोकं तेल पुसून कोरडी करा, बेसच्या स्क्रूला निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव) थेंबभर, रिंगांच्या वरच्या स्क्रूला नको. मग बोल्ट परत घालून तुम्ही जसे नेम धरणार तसे पडा किंवा बसा, झूम पूर्ण वर न्या, डोळे मिटून गाल टेकवा, डोळे उघडल्यावर पूर्ण गोल दिसेपर्यंत स्कोप पुढेमागे सरकवा. पूर्ण झूमवरच करायचं कारण तिथे डोळ्याचं अंतर सगळ्यात कडक असतं, आणि पालथं पडल्यावर डोकं बसल्यापेक्षा पुढे जातं म्हणून ज्या पोझिशनमध्ये वापरणार त्यातच. ओळंबा टांगून उभी रेघ त्याच्याशी जुळवा. स्क्रू आडवे-तिरपे थोडे थोडे करून आवळा, रिंगेच्या वरच्या स्क्रूला १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे २ न्यूटन-मीटरच्या आसपास, कंपनीने वेगळं लिहिलं असेल तर ते. अंदाजाने आवळून नळी दाबली गेली की झूमची रिंग जड फिरायला लागते आणि आतलं बिघडतं. टॉर्कचा पाना उसना मिळाला तरी आणा.

बोल्ट-अ‍ॅक्शनचा मोठा फायदा म्हणजे बोर-साइटिंगला (बार न टाकता बॅरल आणि स्कोप ढोबळ जुळवायला) काही विकत घ्यावं लागत नाही. बोल्ट काढा, रायफल बॅगांमध्ये घट्ट बसवा, मागून बॅरलमधून २५ मीटरवरचा काळा गोल मधोमध दिसेल असं करा आणि रायफल न हलवता टरेट फिरवून क्रॉसहेअर त्याच गोलावर आणा. पहिला बार २५ मीटरला, तिथे पाव एमओएचा क्लिक २ मिलिमीटरपेक्षाही कमी सरकवतो म्हणून क्लिक भरपूर लागतील, घाबरू नका. मग १०० ला तीन-तीन बारांचे गट, एका बारावर क्लिक फिरवू नका, आणि मधे बॅरल थंड होऊ द्या.

त्यानंतर तो स्कोप ठेवायचा की परत करायचा ते ठरवणारी चाचणी, परत करायची मुदत संपायच्या आत. मोठ्या कागदावर ओळंब्याने उभी रेघ मारा, खालच्या टोकाला ठिपका, त्याच्यावर १०० मीटरवरून तीन बार. आता टरेट २० एमओए वर फिरवा, म्हणजे ८० क्लिक, आणि नेम त्याच खालच्या ठिपक्यावर धरून परत तीन. दोन्ही गटांतलं अंतर ५८ सेंटिमीटर भरलं पाहिजे. पाच सेंटिमीटर कमीजास्त असेल तर क्लिक १० टक्क्यांच्या जवळपास खोटे. वरचा गट रेघेवरून डावीउजवीकडे सरकला असेल तर रेटिकल तिरकं. मग ८० क्लिक खाली आणून परत तीन बार, ते पहिल्या गटातच पडले पाहिजेत. क्लिक थोडे खोटे असले तरी दरवेळी सारखेच खोटे असतील तर हिशोबात धरून चालवता येतं, पण शून्यावर परत न येणारा स्कोप त्याच दिवशी खोक्यात भरून परत पाठवा, त्याला दुसरी संधी देऊ नका. काडतुसं महाग पडत असतील तर स्कोप शिकंज्यात घट्ट बसवून १०० मीटरवरच्या सेंटिमीटर आखलेल्या कागदावर नुसतं रेटिकल किती सरकतं ते बघितलं तरी बरंच कळतं.

आणि स्कोपने प्राणी शोधत फिरू नका, त्यासाठी साधी दुर्बीण वापरा, स्कोप जिकडे वळतो तिकडे बॅरलही वळतं. नेम धरला की लक्ष्याच्या मागे मातीचा उतार आहे का बघा, ह्या हलक्या गोळ्या बहुधा फुटून जातात पण त्या भरवशावर क्षितिजाकडे कधीच बार टाकायचा नाही.

पहिल्या २०-३० बारांनंतर बेस आणि रिंगांचे स्क्रू परत त्याच टॉर्कला तपासा, मग झिरो पुन्हा एकदा बघा आणि २००, २५०, ३०० ला प्रत्यक्ष किती क्लिक लागले ते कागदावर लिहून दस्त्याला चिकटवा, गोळीचा ब्रँड किंवा वजन बदललं की तो कागद फाडून नवा करा.